ड्युईची शाळा आणि कापसाचे बोंड

बी. एड्.च्या प्रश्नपत्रिकेत जॉन ड्युई हमखास असतो. ‘कृतीतून शिक्षण’, ‘शाळा म्हणजे छोटा समाज’ अशी चार वाक्ये पाठ केली की दहा गुण पदरात पडतात. मी ते तसेच मिळवले आणि पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकवू लागल्यावर तसेच मिळवायला शिकवले. बाबासाहेबांचे गुरू म्हणून ड्युईबद्दल आपल्या मनात जिव्हाळा आहे. तो असायलाही हवा. परंतु जिव्हाळ्याने वाचन सैल होते. गुरूच्या गुरूला प्रश्न विचारायचा नाही असे आपण ठरवूनच टाकले आहे. बाबासाहेबांनी मात्र बुद्धालासुद्धा पारखून घेतल्याशिवाय स्वीकारले नव्हते. अलीकडे ड्युईचे ‘द स्कूल अँड सोसायटी’ हे १८९९ चे पुस्तक पुन्हा वाचायला घेतले आणि त्यातल्या एका कापसाच्या बोंडापाशी मी अडकलो.

आधी शाळेविषयी. १८९४ मध्ये ड्युई शिकागो विद्यापीठात आला आणि जानेवारी १८९६ मध्ये त्याने विद्यापीठाची एक लहान शाळा सुरू केली. तिला पुढे ‘प्रयोगशाळा’ हे नाव चिकटले. पदार्थविज्ञानाच्या विभागाला जशी प्रयोगशाळा लागते तशी शिक्षणशास्त्राच्या विभागालाही लागते, हा त्यामागचा विचार. शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांना जोडलेल्या सराव शाळा त्या काळी अमेरिकेत पुष्कळ होत्या. ड्युईला तसली शाळा नको होती. शिक्षणाविषयीची मते प्रत्यक्ष मुलांच्या जगण्यावर घासून पाहायची, चुकीची ठरली तर टाकून द्यायची आणि नवे काही हाती लागले तर त्याची भर घालायची, असा त्याचा हेतू होता. मुले स्वयंपाक करीत, सुतारकाम करीत, सूत कातीत, विणीत आणि त्यातून गणित, भूगोल, इतिहासाकडे जात. हातकाम करणाराला खालचा आणि पोथी वाचणाराला वरचा मानणारी जी फाळणी आपण जन्मापासून भोगली, तिच्यावर हा थेट घाव होता. ड्युईच्या शाळेने मुलांच्या हातात करवत दिली आणि ज्ञान इथूनच सुरू होते असे सांगितले. हे मोठेपण मी मुळीच कमी लेखत नाही.

१९०३ मध्ये एक हस्तकला-प्रशिक्षण शाळा आणि एक खाजगी अकादमी एकत्र करून विद्यापीठाचे हायस्कूल उभे राहिले. १९०४ मध्ये अध्यक्ष हार्पर यांच्याशी बिनसल्याने ड्युई शिकागो सोडून कोलंबियाला गेला. शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या त्याच्या पत्नीच्या, अ‍ॅलिस ड्युईंच्या, नेमणुकीचा वाद त्यामागे होता. तो कोलंबियाला गेला म्हणूनच १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकणाऱ्या बाबासाहेबांना तो भेटला.

आता बोंड. पुस्तकात ड्युई सांगतो की मुलांना कच्ची लोकर, जवस आणि झाडावरून काढलेला कापूस दिला. अर्धा तास मुले बोंडातून आणि सरकीतून तंतू सोडवीत बसली तरी औंसभरही कापूस निघाला नाही. त्यावरून त्यांना कळले की हाताने एक माणूस दिवसाकाठी फार तर पौंडभर कापूस साफ करू शकतो, आणि म्हणून त्यांचे पूर्वज सुती नव्हे तर लोकरी कपडे घालीत. धडा सुंदर आहे. कोणत्याही शिक्षकाला हेवा वाटावा असा आहे. मीच तो वर्गात कितीदा तरी सांगितला आहे.

पण या वेळी ‘त्यांचे पूर्वज’ या शब्दांवर माझे बोट थांबले. कोणाचे पूर्वज? सरकी काढणे एवढे कष्टाचे होते, तर ते कष्ट कोणी केले? १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. त्या यंत्राने साफसफाईचे कष्ट वाचवले आणि वेचणीचे अनेकपटींनी वाढवले, हे मात्र क्वचित असते. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ४० लाखांच्या घरात गेले. कापसाचा इतिहास म्हणजे या माणसांचा इतिहास. शिकागोच्या त्या खोलीत कापूस आला, सरकी आली, यंत्र आले, पण वेचणारा आला नाही. बोंडापासून थेट गिरणीपर्यंत इतिहास गेला आणि मधले माणूस गळाले.

माझी आई वऱ्हाडात पऱ्हाटीत वेचायला जात असे. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी तिची बोटे नखांपाशी सोललेली असत. संध्याकाळी मालकाच्या काट्यावर गाठोडे चढायचे आणि काटा मालकाचा असल्याने वजन नेहमी कमीच भरायचे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचे भाव चढले. तेव्हा कोणाची घरे दुमजली झाली आणि कोण वेचतच राहिले हे सांगायला नको. म्हणून तो धडा वाचताना मी शिकागोच्या मुलांच्या बाजूला बसू शकलो नाही.

कोणी म्हणेल, एका लहानशा शाळेवर हा फार बोजा आहे. शिवाय ड्युई वर्णद्वेष्टा नव्हता; १९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना उभी राहिली तिच्या आवाहनावर सही करणाऱ्यांत तो होता. हे सारे खरे. पण त्याच्या शाळेत बसलेली मुले बहुतांशी प्राध्यापकांची आणि सुस्थितीतल्या घरांतली होती. ड्युई गेल्यानंतरही १९४० च्या दशकापर्यंत काळ्या मुलांना त्या शाळेचे दार बंदच होते. आजूबाजूच्या वस्तीत काळ्यांना घर मिळू नये म्हणून करारनामे राबवणाऱ्या संघटनांना याच विद्यापीठाने १९३० आणि १९४० च्या दशकांत पैसा पुरवला. लोकशाहीचा प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळेने प्रयोगासाठी मुले निवडली ती अशी. आणि निष्कर्ष? तो ‘मूल’ या नावाने साऱ्या जगाला लागू झाला! आज तीच शाळा वर्षाला ३० हजार डॉलरहून अधिक फी घेते.

१८९६ या सालाकडे आणखी एकदा पाहावे. जानेवारीत ड्युईची शाळा उघडली आणि मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ असा निवाडा दिला. ते ‘समान’ किती पोकळ होते हे १८९९ मध्ये कमिंग खटल्यात उघडे पडले. जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी काळ्या मुलांचे एकमेव सरकारी हायस्कूल शिक्षण मंडळाने पैसा नाही म्हणून बंद केले, गोऱ्यांसाठी मात्र हायस्कूलची सोय चालू ठेवली. आणि न्यायालयाने त्याला मान्यता दिली. याच वर्षी ‘द स्कूल अँड सोसायटी’ प्रसिद्ध झाले. अटलांटासारख्या शहरात काळ्यांसाठी पहिले सरकारी हायस्कूल निघाले ते १९२४ मध्ये. तोपर्यंत, आणि अनेक ठिकाणी त्यानंतरही, काळ्यांच्या महाविद्यालयांना स्वतःच्या आवारात हायस्कूल चालवावे लागले. नाहीतर महाविद्यालयात यायला मुले आणायची कुठून?

इथे प्रयोगशाळा-हायस्कूलचा दुसरा इतिहास सुरू होतो. आपल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तो नाही. आपण १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून पँथर हे नाव घेतले, काळ्यांच्या कविता वाचल्या, म. ना. वानखेड्यांसारख्यांनी ते साहित्य आपल्या दारात आणून ठेवले. काळ्यांच्या शाळा मात्र आपण वाचल्या नाहीत.

अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांचे शिक्षक-महाविद्यालय होते आणि त्याला जोडलेले एक प्रयोगशाळा-हायस्कूल होते. १९२० च्या दशकात काळ्या मुलांसाठी शहरात सरकारी हायस्कूल नव्हते, म्हणून दहावी-अकरावी करायची तर तिथेच जावे लागे. रोझा मॅकॉली नावाची मुलगी तिथे शिकत होती. सहा-सात वर्षांची असल्यापासून तिने मळ्यावर कापूस वेचला होता. शिकागोच्या मुलांना अर्ध्या तासात जे कळले ते तिच्या बोटांना आधीच ठाऊक होते. १९२९ मध्ये आजी आजारी पडली आणि तिला शाळा सोडावी लागली. हायस्कूलचे शिक्षण तिने १९३३ मध्ये, लग्न झाल्यावर, पुरे केले. हीच पुढची रोझा पार्क्स. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा तिने सोडली नाही आणि त्याच रात्री ज्या महाविद्यालयाच्या चक्रमुद्रण यंत्रावर बहिष्काराची हजारो पत्रके निघाली ते तेच महाविद्यालय. तिथल्या इंग्रजीच्या प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी ती रातोरात काढली.

त्या बहिष्काराचे नेतृत्व ज्या तरुण धर्मोपदेशकाकडे आले तोही एका प्रयोगशाळा-हायस्कूलचा विद्यार्थी. अटलांटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळा-हायस्कूलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग दोन वर्षे होते. १९४२ मध्ये विद्यापीठाने ती शाळा बंद केली आणि तेरा वर्षांचे किंग १९२४ च्या त्या सरकारी हायस्कूलमध्ये गेले. शाळेने चळवळ घडवली असा दावा मला करायचा नाही. तसला सोपा कार्यकारणभाव आपल्या स्मरणिकांत पुष्कळ असतो. मला एवढेच दिसते की काळ्यांच्या या शाळांत प्रयोगाचा विषय आणि प्रयोग करणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती. समोर बसलेल्या मुलाचे पूर्वज कोण, हे तिथल्या शिक्षकाला विचारावे लागत नव्हते. ते त्याचेही होते.

अटलांटाच्या शाळेचे प्राचार्य डब्ल्यू. ए. रॉबिन्सन यांचे नाव मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम वाचले. अमेरिकेत १९३० ते १९४२ असा ‘आठ वर्षांचा अभ्यास’ झाला. आपल्याकडे अभ्यासक्रमविकासाच्या प्रत्येक पुस्तकात तो आहे. ३० शाळा, सुमारे ३०० महाविद्यालयांनी प्रवेशाच्या अटी शिथिल केल्या, विद्यार्थ्यांच्या १४७५ जोड्या लावून तुलना झाली. त्यात शिकागो विद्यापीठाचे हायस्कूल होते. काळ्यांची एकही शाळा नव्हती. तेव्हा काळ्यांच्या महाविद्यालयांच्या व माध्यमिक शाळांच्या संघटनेने १९४० मध्ये स्वतःचा अभ्यास सुरू केला. दक्षिणेतल्या सोळा शाळा त्यात होत्या आणि संचालक होते रॉबिन्सन. पैसा रॉकफेलरांच्या मंडळाचा होता, हेही नोंदवले पाहिजे. इथे तुलनेसाठी जोड्या लावण्यावर भर नव्हता. उन्हाळ्यात शिक्षक एकत्र येत, आपल्या गावच्या शाळेचे प्रश्न मांडत आणि परत जाऊन काही करून पाहत. १९४६ पर्यंत हे चालले. मध्येच, १९४२ मध्ये, संचालकाची स्वतःची शाळा मिटली. पहिला अभ्यास मी अनेक वर्षे शिकवला. दुसऱ्याचा प्रश्न एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिला नाही.

मात्र काळ्यांची म्हणून या शाळेची आरती ओवाळायचे कारण नाही. अटलांटाची ती शाळा खाजगी होती. किंग हे एका मोठ्या चर्चच्या धर्मगुरूचे चिरंजीव. शहरातल्या काळ्या मोलकरणींची मुले ज्या सरकारी शाळांत दाटीवाटीने बसत, तिथून विद्यापीठाचे आवार बरेच दूर होते. पायी चालून संपणारे ते अंतर नव्हते. आपल्यातले जे प्राध्यापक, अधिकारी झाले त्यांची मुले आज कोणत्या शाळेत जातात आणि वस्तीतली कोणत्या, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. माझी मुले वस्तीच्या शाळेत गेली नाहीत.

आता आमच्या प्रयोगशाळेविषयी. जिल्ह्याच्या गावी मी ज्या शाळेत शिकलो ती एका अध्यापक महाविद्यालयाची सराव शाळा होती. हिवाळ्यात ‘पाठ’ सुरू होत. एकच धडा चार प्रशिक्षणार्थी चार दिवस घेत. उत्तरे आम्हांला आदल्या दिवशी सांगितलेली असत. कोणी हात वर करायचा हेही ठरलेले असे. निरीक्षक यायचे त्या दिवशी वस्तीतल्या आम्हा पोरांना मागच्या भिंतीला बसवत. एकदा मी न सांगता हात वर केला. पाठ घेणाऱ्या गुरुजींनी माझ्याकडे पाहिले नाही. उत्तर बरोबर होते की नाही हे मला आजवर कळलेले नाही.

पुढे मीच मार्गदर्शक झालो. पाठ टाचणे तपासली, लाल शाईने शेरे मारले. सराव शाळेतल्या मागच्या भिंतीकडे मी किती वेळा पाहिले? फारसे नाही. वेळ नसे, दिवसाला आठ-आठ पाठ पाहायचे असत. एकदा एका प्रशिक्षणार्थी मुलीने कापसावर पाठ घेतला. तिने तक्ता आणला होता, बोंड आणले होते, सरकी काढून दाखवली. मग टाचणात नसलेला प्रश्न तिने विचारला: कापूस वेचायला कोण कोण गेले आहे? मागच्या भिंतीकडून सात-आठ हात वर आले. एक पोरगी उभी राहून वेचणीचा दर, गाठोडे आणि काटा यांविषयी बोलू लागली आणि तास संपेपर्यंत बोलत राहिली. पाठाचे मूल्यमापन राहून गेले.

मी तिच्या टाचणवहीवर शेरा मारला: ‘विषयांतर. वेळेचे नियोजन नाही.’ दहापैकी चार गुण दिले. ड्युईवरच्या प्रश्नाला त्या वर्षी तिला लेखी परीक्षेत चांगले गुण मिळाले होते.