अनंतशास्त्र्यांचं काय झालं?

मराठी बायबलमधला 'तारण' हा शब्द मी लहानपणी वाशिंदमध्ये आधी सोनेतारण कर्जाच्या पाटीवर वाचलेला. त्यामुळे पंडिता रमाबाईंचं १९०७चं आत्मकथन वाचताना डोक्यात एकच घोळत होतं: यात सुटलं कोण आणि गहाण कोण राहिलं?

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४मध्ये दुष्काळात उपासमारीने गेले. पाठोपाठ आई, मग बहीण. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडात वाँटेजला. म्हणजे येशूचं नावही न मानता गेलेल्या बापाचं काय? सनातनी प्रोटेस्टंट उत्तर कडक आहे: मेल्यावर दुसरी संधी नाही. कॅथलिक चर्चने १९६४मध्ये स्पष्ट म्हटलं, की स्वतःचा दोष नसताना सुवार्ता न कळलेल्यांनाही तारण मिळू शकतं. मॉर्मन पंथाचं सगळ्यात निराळं. तिथे जिवंत माणूस मृताच्या नावाने बाप्तिस्मा घेतो, आणि ते स्वीकारायचं की नाकारायचं हे त्या आत्म्यावर. जोसेफ स्मिथने हे १८४०मध्ये शिकवायला सुरुवात केली. इतर चर्चना ते अमान्य. पण पितृपक्षात पान वाढणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही!

रमाबाई एवढंच म्हणतात, की वडिलांना खरा देव ठाऊक नव्हता, तरी त्या अज्ञात देवाची सेवा त्यांनी मनापासून केली. पुढे निकाल नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली. आता नाही वाटत. स्वतःच्या तारणाबद्दल त्या अगदी ठाम लिहितात. वडिलांपाशी आल्या की आठवतात ते शेवटच्या मिठीतले क्षीण हात.