व्हिडिओ गेममधील दीर्घ पूर्वरंग : एक चिकित्सक विचार

व्हिडिओ गेमविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा मुलांच्या व्यसनाविषयी, डोळ्यांच्या विकारांविषयी किंवा फार तर उद्योगाच्या उलाढालीविषयी असते. कथा, नाट्य आणि क्रिया यांची गुंफण करणारा रचनाप्रकार म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या रचनेतील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे. अनेक गेम आरंभी तास-दोन तास, कधी त्याहूनही अधिक काळ, अतिशय संथ चालतात. खेळणाऱ्याला मोकळीक मिळत नाही आणि मुख्य कथानक दूरच राहते. या संथपणाने कलाकृतीचा दर्जा वाढतो की केवळ खेळणाऱ्याच्या सहनशीलतेची परीक्षा होते?

या बाबतीत दोन मते आढळतात. मोठ्या कादंबरीची पहिली शंभर पाने जशी धीराने वाचावी लागतात तसाच धीर येथेही धरावा, असे एक मत. खेळण्यासाठी घेतलेली वस्तू जर खेळूच देत नसेल तर ती सदोष होय, हे दुसरे. दोन्ही मते घड्याळाकडे पाहून बनलेली आहेत. त्या वेळात काय घडते आणि त्याचे पुढे काय होते, याचा शोध दोन्हींत नाही. हा शोध घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पूर्वरंग ही संकल्पना आपल्याच प्रयोगपरंपरेत पुरेशी विकसित झालेली आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील पाचवा अध्याय पूर्वरंगाला वाहिलेला आहे. तेथे पूर्वरंगाची एकोणीस अंगे सांगितली असून त्यांतील पहिली नऊ पडद्याआड होतात. वाद्ये मांडणे, गायकांनी स्थानापन्न होणे, वाद्ये सुरात लावणे अशी ही कामे आहेत. नांदी, त्रिगत, प्ररोचना इत्यादी उरलेली दहा अंगे प्रेक्षकांसमोर होतात. याच अध्यायात भरताने एक इशाराही दिला आहे. पूर्वरंगात गीत, वाद्य आणि नृत्त यांचा अतिरेक झाल्यास प्रयोग करणारे आणि प्रेक्षक दोघेही थकतात, आणि थकलेल्यांना रसभावांची स्पष्ट प्रतीती येत नाही, असा त्याचा आशय आहे. पूर्वरंगाचे इतके तपशीलवार विधान करणाऱ्याच ग्रंथाने त्याला मर्यादा घालावी, हे लक्षणीय आहे.

व्हिडिओ गेमच्या संदर्भात हा इशारा अधिकच तीव्र होतो. नाटकात प्रयोक्ता आणि प्रेक्षक भिन्न असतात. गेममध्ये एकच व्यक्ती दोन्ही भूमिका करते. तीच पाहते आणि तीच करते. त्यामुळे येथील वाद्य म्हणजे खेळणाऱ्याचे स्वतःचे हात. ते सुरात लावल्याखेरीज प्रयोग होत नाही, आणि ते लावण्यासाठी पडदाही उपलब्ध नाही. नऊ अंगांचे पडद्याआडचे काम गेमला प्रेक्षकासमोर, त्याच्याच हातून करून घ्यावे लागते. दीर्घ आरंभाचे खरे कारण येथे आहे.

हे काम थोडक्यात आणि न सांगता करता येते, याचे उदाहरण १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मिळते. पहिला शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही तर डाव संपतो. सूचनेचे एक वाक्यही नसताना खेळणारा खेळाचे मूळ तत्त्व शिकतो. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'ने वेगळा मार्ग घेतला. तेथे नायक भूमिगत प्रयोगशाळेत रेल्वेच्या डब्यातून जातो आणि काही मिनिटे खेळणाऱ्याला त्या डब्यात फिरणे व बाहेर पाहणे एवढेच करता येते. युद्ध नाही, कोडे नाही. तरीही हा भाग कंटाळवाणा होत नाही, कारण पुढे जी वास्तू उद्ध्वस्त होणार आहे ती या प्रवासात सुस्थितीत पाहून झालेली असते.

दीर्घ पूर्वरंगाचे समर्थन करताना परंपरेचा दाखला दिला जाण्याची शक्यता आहे, म्हणून एक भेद स्पष्ट करणे आवश्यक ठरते. तमाशात वगापूर्वी गण, गौळण आणि बतावणी होते. कोकणातील दशावतारात आख्यानापूर्वी आडदशावतार होतो. गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव आणि संकासुर त्यात येतात. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ नंतरच्या नाटकांतही सूत्रधार, विदूषक, गणपती आणि मोरावरची सरस्वती यांच्यानंतरच कथेला आरंभ होई. या विस्तारामागे एक लौकिक गरज होती. प्रेक्षक एकाच वेळी येत नसत. जेवणे आटोपून, लांबच्या वस्तीवरून चालत माणसे येत आणि तोवर रंगमंच जागता ठेवावा लागे. गेमला अशी सभा जमवायची नसते. खेळणारा बसला की प्रयोग सुरू होतो. उशिरा येणारा कोणी नाही. म्हणजे जुन्या पूर्वरंगाचे एक मोठे प्रयोजन येथे उरलेलेच नाही. शिवाय गौळणीतील मावशीची हजरजबाबी दर रात्री नवी असते. गेममधील संवाद दुसऱ्यांदा खेळतानाही तेच असतात. तेव्हा केवळ परंपरेच्या आधारावर दीर्घ आरंभाचा बचाव टिकत नाही.

टिकते ते दुसरे प्रयोजन, आणि ते नारदीय कीर्तनात सर्वांत स्पष्ट दिसते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ज्या जालना जिल्ह्यात आहे, तेथील श्रोत्याला हे सांगण्याची आवश्यकता नाही. (वारकरी कीर्तन एका अभंगाच्या निरूपणावर उभे असते, त्यात अशी विभागणी नसते, येथे विचार नारदीय पद्धतीचा आहे.) पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचे तत्त्वनिरूपण होते, उत्तररंगात आख्यान लागते आणि शेवटी कीर्तनकार पुन्हा मूळ पदावर येतो. तेव्हा तेच शब्द श्रोत्याला आख्यानाच्या अनुभवासह ऐकू येतात. पूर्वरंगात ठेवलेली ठेव उत्तररंगात वटवली जाते. ती वटली नाही तर निरूपण कितीही विद्वत्तापूर्ण असो, श्रोते चुळबूळ करतात. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये आरंभी गणपतीसह नाचणारी ब्राह्मणांची रांग नाटकभर भिंत होते, पडदा होते, जमाव होते. तेथेही आरंभ पुढे खर्ची पडतो.

हा निकष लावला असता काही गाजलेल्या गेमची प्रतवारी बदलते. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) चे पहिले प्रकरण संथपणाबद्दल बरेच टीकेचे धनी झाले. १८९९ सालची फरारी टोळी बर्फाच्छादित डोंगरात अडकली आहे. घोडे रुतत चालतात, हालचाल जड आहे, मोकळा प्रदेश बंद आहे. परंतु येथे हात सुरात लावले जात आहेत. पुढील संपूर्ण गेमची लय हीच आहे. आर्थर मॉर्गनला घाई करता येत नाही, हे या बर्फात शरीराने शिकवले जाते. धनुष्याने हरिण मारून उपाशी टोळीला अन्न आणण्याचा प्रसंग पुढे तळाच्या पोषणाची नित्याची जबाबदारी होतो. शेवटी, आर्थरच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, जॉन मार्स्टन जुना हिशेब मिटवण्यासाठी पुन्हा बर्फाच्याच डोंगरावर चढतो. मूळ पदावर येणे याहून वेगळे नाही. या आरंभात दोष आहे तो संवादांच्या गर्दीचा. टोळीतील इतकी माणसे एकदम बोलू लागतात की नावे लक्षात राहत नाहीत.

'किंगडम हार्ट्स २' (२००५) चे प्रकरण अधिक अवघड आहे. नायक सोरा तब्बल काही तास भेटतच नाही. त्याऐवजी रॉक्सस नावाच्या मुलाची उन्हाळी सुट्टीची अखेर खेळावी लागते. मित्रांबरोबर सहलीसाठी पैसे जमवायचे म्हणून किरकोळ कामे करायची. ही कामे स्वतंत्रपणे पाहता रटाळ आहेत, यात शंका नाही. मात्र हा मुलगा नाहीसा होणार आहे, आणि त्याची सुट्टी खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने घालवलेली असल्यामुळे ती संपल्याची हळहळही त्याची स्वतःची होते. याउलट 'फायनल फँटसी १३' (२००९) मध्ये तेरा प्रकरणांपैकी अकराव्या प्रकरणात विस्तीर्ण माळरान खुले होते. तोपर्यंतच्या अरुंद वाटेवर जे शिकवले जाते ते त्याच्या निम्म्या वेळात शिकवता आले असते. 'पुढे रंगतो' हा त्याचा बचाव म्हणजे दोषाची कबुलीच होय.

दीर्घ पूर्वरंगावर आज बाजारव्यवस्थेचाही दाब आहे. २०१५ पासून स्टीम या विक्रीकेंद्रावर, खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करून पैसे मिळवता येतात. ग्राहकाच्या दृष्टीने नियम न्याय्य आहे. परंतु निर्मात्याला त्यातून एक संदेश जातो : जे काही आकर्षक आहे ते पहिल्या दोन तासांत मांडा. कीर्तनकाराला पूर्वरंगातच आख्यान उरकण्यास सांगावे, असा हा प्रकार आहे.

जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा होतो. मोबाइलवर मोफत मिळणाऱ्या 'पबजी'सारख्या गेममध्ये विमानातून उडी मारली की सामना सुरू. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर भारतात बंदी आली, पुढील वर्षी तो नव्या नावाने परतला. पूर्वरंग नसलेला गेम हीच ज्याची गेमविषयीची पहिली कल्पना आहे, त्याला संथ आरंभ दोषच वाटणार. त्यात भाषेची भर. 'रेड डेड'सारख्या गेमला मराठीचा पर्याय नाही. बर्फातील ते सर्व संवाद मराठी माध्यमातील मुलासाठी निव्वळ गोंगाट ठरू शकतात. हरणाची शिकार मात्र त्याला समजते. म्हणून शब्दांनी लांबवलेला आणि क्रियेने लांबवलेला आरंभ एकाच मापाने मोजणे अयोग्य आहे. पहिला परक्या वाचकाला दाराबाहेर ठेवतो, दुसरा त्याला आत घेतो.

या दृष्टीने पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' (२०२०) पाहण्यासारखा आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू यांची ही कथा. असुर गोलूला पळवून नेतात आणि दुर्गेच्या कृपेने शस्त्र मिळालेली राजी त्याच्या शोधात निघते. छायाबाहुल्यांच्या शैलीतील कथनप्रसंग आणि राजस्थानी वास्तुशिल्पाचा वापर यांमुळे त्याचे कौतुक झाले व ते योग्यच होते. येथे दोष नेमका उलटा आहे. भावंडांचे नाते दाखवले आणि सांगितले जाते, पण खेळू दिले जात नाही. गोलूबरोबर एखादी कसरत करण्याचा, त्याला हात देऊन वर घेण्याचा अवसर खेळणाऱ्याला मिळाला असता, तर पुढील प्रत्येक लढाईत त्या हाताची उणीव जाणवली असती. लहान संस्थेला आणि मर्यादित खर्चाला हे परवडले नसेल, हेही मान्य करावे लागेल. परंतु अर्धा तास वाढवल्याने 'राजी' संथ झाला असता, असे म्हणता येत नाही.