गायतोंडे यांचीं चित्रें आणि आपण पाहणारे

चित्रापुढें उभा राहिलेला सुशिक्षित गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो 'हें कशाचें चित्र?' असा. आम्हीही कित्येक वर्षें हाच प्रश्न विचारीत आलों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. वासुदेव सांतू गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या उत्तरकालीन चित्रांपुढें मात्र या प्रश्नास उत्तर मिळत नाहीं. मधाच्या किंवा शेवाळाच्या रंगाचा विस्तीर्ण पट, आणि त्यांत बुडत चाललेल्या अथवा नुकत्याच वर आलेल्या कांहीं खुणा, एवढेंच. बहुतेकांस नांवही नाहीं.

'रंग फांसला कीं झालें चित्र' असा आक्षेप घरोघर ऐकूं येतो. तो वस्तुस्थितीस धरून नाहीं. गायतोंडे १९४८ सालीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका घेऊन बाहेर पडले, तेव्हां आकृती काढणें त्यांस उत्तम साधत होतें. त्या काळच्या चित्रांत आपल्याकडील लघुचित्रांचा आणि पॉल क्ले यांचा संस्कार स्पष्ट दिसतो. पुढें आकृती गळत गेली. रोलरनें रंगाचे थर चढवावयाचे, सुरीनें खरडावयाचे, फाडलेल्या कागदाचे तुकडे दाबून ठसे उठवावयाचे, आणि कोठें थांबावयाचें तें आपलें आपणच ठरवावयाचें! घोडा काढणाऱ्यास घोडा साक्षीला असतो; पाय चुकला तर तो सांगतो. येथें चूक दाखविणारें बाहेर कोणीच नाहीं. वर्षाकाठीं पांचसहाच चित्रें त्यांच्या हातून पुरी होत, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. १९८४ च्या अपघातानंतर तर तीही कित्येक वर्षें थांबलीं.

अशा कलेच्या समर्थनार्थ गवयाच्या आलापाचा दाखला देण्याची रूढी आहे. दाखला अर्धाच खरा. आलापास शब्दार्थ नसला तरी त्यामागें रागाचें व्याकरण असतें. तें गवयास गुरूकडून मिळतें आणि श्रोत्यांच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलें असतें. वर्ज्य स्वर लागला तर पांचव्या रांगेंतले पेन्शनरही दचकतात. गायतोंड्यांच्या रंगांस असें सिद्ध व्याकरण नव्हतें. तें त्यांनीं चित्रागणिक शोधलें, आणि पाहणाऱ्यासही तितक्याच अंधारांत तें शोधावें लागतें.

हे श्रम वाचविण्याच्या दोन युक्त्या प्रचारांत आहेत. गायतोंडे यांस झेन विचाराची ओढ होती हें खरें. परंतु त्यामुळें टीकाकारांनीं 'शून्य', 'समाधि' हे शब्द शिंपडले कीं चित्राकडे पाहण्याचें कारणच उरत नाहीं. दुसरी युक्ति पैशाची. २०२१ सालीं त्यांचें १९६१ मधील एक चित्र लिलावांत जवळजवळ चाळीस कोटी रुपयांस गेलें, आणि आमच्या परिचयाच्या कांहीं मंडळींस तीं चित्रें एकाएकीं कळूं लागलीं!

आम्हांस त्यांतील एकच थोडेंसें कळलें आहे. एका पिवळसर चित्रापुढें आम्ही अर्धा तास बसून होतों. प्रथम त्यांत सूर्योदय, मग तलाव, मग जुनी भिंत पाहण्याचा उद्योग केला. सगळे व्यर्थ गेले. शेवटीं नांवें संपलीं तेव्हां वरच्या पिवळ्याखालून दुसरा, थंडसर थर हळूहळू डोळ्यांस लागूं लागला, आणि सपाट वाटलेला पट आंतून खोल झाला. डावीकडच्या एका खुणेचें प्रयोजन मात्र आम्हांस अजून उमगलेलें नाहीं. ती तेथें नसती तर बरें, असेंच अधूनमधून वाटतें.