फडाबाहेरचे बीड

बीड जिल्ह्याचे फोटो कमी निघालेले नाहीत. २०१५-१६ च्या दुष्काळात वृत्तपत्रांचे छायाचित्रकार इथे आले. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली, तेव्हा देश-परदेशांतले पत्रकार आले. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने याच प्रश्नावरचा दीर्घ वृत्तांत सौम्या खंडेलवाल यांच्या छायाचित्रांसह छापला. हे काम मोलाचेच आहे. पण अशा छायाचित्रांच्या सततच्या माऱ्यातून बीडची एक ठरावीक चौकट तयार झाली: भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, डोक्यावर मोळी घेतलेली बाई.

दुर्दैवाने इथली फोटोग्राफी शिकणारी मुलेही अशीच तयार चौकट गळ्यात अडकवून निघतात. पोर्टफोलिओ उघडावा, तर कंकालेश्वर मंदिराचे पाण्यातले प्रतिबिंब, सौताड्याचा धबधबा, सुरकुतलेल्या आजोबांचा कृष्णधवल चेहरा आणि शेवटी एक कोयता. प्रत्येक फोटो नेटका असतो, प्रकाशही चोख पकडलेला असतो. पण सगळे ओळीने मांडले तरी ते काढणाऱ्याला नेमके काय विचारायचे आहे, याचा पत्ता लागत नाही. फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ तपासणारा तंत्र बघतो, तसाच हा प्रश्नही शोधतो. ‘ऊसतोड’ हा विषय सगळ्यांचा आहे. त्यातले माझे काय, हे ठरले की सूत्र हाती लागते.

मराठी छायाचित्रकारांनी हे करून दाखवले आहे. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांचे जगणे टिपत ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक सिद्ध केले. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचा माग काढला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंद्रजित खांबे कणकवलीतच राहिले आणि दशावतारी कलावंतांकडे, आसपासच्या माणसांकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. तिघांचे विषय वेगळे, पण ठिकाण एकदा धरल्यावर सोडायचे नाही, ही चिकाटी सारखीच.

बीडच्या विद्यार्थ्याला ही चिकाटी कुठे लावता येईल? दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्यामागून कॅमेरेही उसाच्या फडात जातात. गावात मागे उरतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले, हंगामी वसतिगृहे आणि कुलूप लावलेली घरे. हे मागे उरलेले बीड फार थोड्यांनी टिपले आहे. आजीच्या हातात मोबाइल आहे, पडद्यावर फडातली सून, तिच्यामागे पाचटाचा ढीग; शेजारी नातू वहीवरून मान वर करून आईकडे पाहतो आहे. असा फोटो मिळवायला त्या घरात आधी बऱ्याचदा नुसते बसावे लागते. बाहेरून आलेल्याजवळ तेवढा वेळ नसतो. गावातल्या पोराजवळ असतो, शिवाय त्याला चहा न मागता मिळतो.

सूत्र आणखी आवळता येते. एकच वाडी, एकच हंगाम. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले कुटुंब गाडीत सामान भरते तो दिवस, पौषातली ओस गल्ली, परतल्यानंतरची लग्नसराई. आणि तिन्ही वेळा तेच एक दार. ऊसतोड नको असेल तर पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली आहेत. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या मार्गावरून १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला पोहोचलेली रेल्वे आहे, आणि तिची वाट पाहण्यात म्हातारी झालेली पिढी आहे.

मग येते निवड. शेकडो फोटोंतून बारा-पंधरा ठेवताना सूत्राबाहेरचा सुंदर फोटो काढून टाकायला जिगर लागते. आणि ज्यांचे फोटो, त्यांना ते आधी दाखवायला हवेत. त्यांनी ‘हा नको’ म्हटले तर तो नकोच. दुःखाचे फोटो काढणाऱ्याने एवढे बंधन पाळलेच पाहिजे.

शिक्षकांना आणि स्पर्धांच्या परीक्षकांना विनंती आहे, सुट्या देखण्या फोटोला बक्षीस देण्याऐवजी वर्षभराच्या मालिकेला द्या. विद्यार्थ्यांनी महागड्या कॅमेऱ्यासाठी अडून बसू नये. सुरुवातीला मोबाइल पुरतो. हंगाम संपेपर्यंत त्याच दारात जात राहायची तयारी मात्र हवी.