अद्भुतकथेचे अध्यापन : खानदेशाच्या संदर्भात

अद्भुत वाङ्मयाला महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थान द्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता महत्त्वाचा वाटतो. परंतु ते कोणत्या दृष्टीने शिकवावे, हा त्याहून अधिक मूलगामी प्रश्न होय. जळगाव-धुळ्याच्या परिसरात तर ह्या प्रश्नाला केवळ वाङ्मयीन नव्हे, सामाजिक परिमाणही आहे.

मराठी कादंबरीचा आरंभकाळ बव्हंशी अद्भुताने व्यापलेला आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मधील, तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मधील. आपल्या समाजाच्या विवाहरीतीत व एकसुरी जीवनात कथेला रंजक असा विषय सापडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावे लागते, अशा आशयाचे रिसबुडांचे स्पष्टीकरण प्रसिद्धच आहे. पुढे हरिभाऊ आपट्यांची सामाजिक कादंबरी प्रतिष्ठित झाली आणि अद्भुत हे वाङ्मयाच्या बाल्यावस्थेचे लक्षण ठरले. वि. का. राजवाडे यांनी १९०२ मधील ‘कादंबरी’ ह्या निबंधात अद्भुत आणि वास्तव ह्या दोन्ही प्रवृत्तींचा गंभीरपणे परामर्श घेतला होता. ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून उभे आहे, त्यांच्या ह्या निबंधाकडे खानदेशातील अध्यापकाने तरी दुर्लक्ष करू नये.

वास्तववादाच्या ह्या प्रतिष्ठेमुळे अध्यापनात एक दोष शिरण्याचा संभव असतो. अद्भुतकथा स्वीकारायची, पण ती लगेच रूपकात विरघळवून टाकायची! जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ ह्या दीर्घकथा घ्याव्यात. त्यांतील प्रवास म्हणजे जीवन आणि अटळता म्हणजे नियती, असे समीकरण मांडले की उत्तरपत्रिका पूर्ण होते. कथा मात्र हातातून निसटते. ‘इस्किलार’ हे नाव मराठी वाचकाला कोणत्याही ओळखीच्या प्रदेशाशी बांधून ठेवत नाही. त्या नावाच्या ध्वनीपासूनच एक निराळे जग रचले जाऊ लागते. हे जग भाषेने कसे उभे केले, हा प्रश्न रूपकार्थाच्या आधी विचारला गेला पाहिजे.

जे. आर. आर. टॉल्कीन हा स्वतः भाषाशास्त्रज्ञ होता. परीकथांवरील १९३९ च्या व्याख्यानात त्याने अद्भुताचे मूळ थेट भाषेच्या विश्लेषणशक्तीत शोधले. गवतापासून ‘हिरवा’ हे विशेषण वेगळे करता येते, म्हणूनच ‘हिरवा सूर्य’ असे म्हणता येते. परंतु तो सूर्य जेथे विश्वसनीय वाटेल असे जग घडविणे, हे खरे कष्टाचे काम. त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० मध्ये मांडलेली उपपत्ती निराळी आहे. नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमध्ये वाचकाचे मन दोलायमान होणे, हे त्याच्या मते अद्भुताचे लक्षण. ही उपपत्ती ज्याच्या मनात निसर्गनियम आधीच निश्चित झालेले आहेत, असा वाचक गृहीत धरते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना करून रात्र जागविणाऱ्या श्रोत्याचे मन असे दोलायमान नसते. तेथे श्रद्धा असते. भरताने अद्भुतरसाचा स्थायी भाव विस्मय मानला. श्रद्धा आणि विस्मय ह्या एकाच गोष्टी नव्हेत, हा विवेक अध्यापनाचा पाया असला पाहिजे.

हा विवेक खानदेशात केवळ परीक्षेपुरता नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ हा शब्द कथेतही आहे आणि जिवंत स्त्रीवरील आरोपातही आहे. त्या आरोपापायी स्त्रियांना छळ सोसावा लागला आहे. अमुक व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असे भासवून तिचे जगणे कष्टमय करणे, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे. अशा प्रदेशात अद्भुतकथा शिकविणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो हसण्यावारी नेता येणार नाही.

त्याचे उत्तर वाक्यरचनेतच शोधावे लागेल. पुढील तीन वाक्ये पाहावीत : ‘एक डाकीण होती’, ‘त्या पाड्यावर डाकीण आहे, म्हणे’, ‘ती बाई डाकीण आहे’. पहिल्या वाक्यात ‘डाकीण’ हे उद्देश्य आहे. ‘एक’ ह्या शब्दाने ती अनिश्चित ठेवली आहे आणि ‘होती’ ह्या क्रियापदाने आटपाट नगराच्या काळात नेऊन बसविली आहे. तिचा ठावठिकाणा कोणी विचारीत नाही. दुसऱ्या वाक्यातील ‘म्हणे’ हे अव्यय सांगणाऱ्याची जबाबदारी अज्ञात मुखावर ढकलते. बातमी पसरते, पण तिला धनी उरत नाही. तिसऱ्या वाक्यात तोच शब्द विधेय होऊन समोरच्या स्त्रीला चिकटतो. कथेचे पात्र ते आरोपाचे विशेषण, हा प्रवास असा व्याकरणाच्या तीन पायऱ्यांनी घडतो, आणि त्यांतील सर्वांत धोक्याची पायरी मधली आहे. व्याकरणाचे चिन्ह कोणाचे रक्षण करीत नाही, हे खरे. परंतु ही पायरी ओळखणारा विद्यार्थी तिच्यावर थांबू शकतो, ‘कोण म्हणे?’ असे विचारू शकतो.

म्हणून अद्भुत वाङ्मयाची अभ्यासपत्रिका खानदेशात आखताना मुद्रित ग्रंथांच्या जोडीला अहिराणी, पावरी व भिल्ली बोलींतील कथांचे संकलन अपरिहार्य मानावे. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीने १९०७ मध्ये खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात स्थान दिले. ते वर्गीकरण वादग्रस्त असले, तरी ह्या बोलींचे सान्निध्य त्यातून ध्यानात येते. संकलन करताना कथेचा प्रमाण मराठीतील सारांश पुरेसा नाही. सांगणाऱ्याने कोणता काळ वापरला, ऐकीव गोष्ट कोणत्या शब्दाने दर्शविली, कथा कोणत्या सूत्राने उघडली आणि कोणत्या सूत्राने मिटली, हे मूळ बोलीत नोंदले पाहिजे. ‘आहे’च्या ठिकाणी अहिराणीतला ‘शे’ राहिला, तरच कथेचे जग कोणत्या सामग्रीने बांधले आहे ते कळेल.

कथा ‘सुफळ संपूर्ण’ झाली की श्रोत्याने आपल्या जगात परतावे, असा जुन्या कहाणीचा संकेत आहे. कथेत शिरण्याची वाट विद्यार्थ्यांना बालपणापासून ठाऊक असते. परतण्याची वाट डोळसपणे दाखविणे, हे महाविद्यालयीन अध्यापनाचे काम होय.