नव्या करारातील बाप्तिस्माविषयक विसंगती : एक चिकित्सा

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा संस्कार होय. तथापि त्याचा आधार असलेल्या नव्या करारातील वचने परस्परांशी सहज जुळत नाहीत. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस (२८:१९) पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात मात्र जेथे नावाचा उल्लेख येतो तेथे तो येशूचाच आहे. या भेदावर अभ्यासकांनी पुष्कळ श्रम वेचले असले, तरी तो तितका गंभीर नाही. ‘दीदाखे’ या प्रारंभिक ख्रिस्ती नियमग्रंथाच्या सातव्या प्रकरणात त्रिविध नाम आहे, तर नवव्या प्रकरणात प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेल्यांचा निर्देश आहे. संकलकाला त्यात विरोध जाणवलेला दिसत नाही.

खरी अडचण क्रमाची आहे. पेत्राच्या पहिल्या प्रवचनात (२:३८) आधी पश्चात्ताप व बाप्तिस्मा, नंतर पवित्र आत्म्याचे दान असा क्रम येतो. शोमरोनात (८:१४-१७) बाप्तिस्मा होऊनही आत्मा उतरत नाही. त्यासाठी यरुशलेमहून पेत्र व योहान यांना यावे लागते. कर्नेल्याच्या घरी (१०:४४-४८) तर क्रमच उलटतो. हे तिन्ही प्रसंग एकाच लेखकाचे असल्याने भिन्न परंपरांच्या सरमिसळीचे नेहमीचे उत्तर येथे अपुरे पडते. येथे विसंगती हाच कथनाचा आशय आहे. यहूदी व शोमरोनी यांच्यातील जुने वैर लक्षात घेता, तेथील विलंब नव्या मंडळीला यरुशलेमशी जोडतो. उलट, परराष्ट्रीय कर्नेल्यावर आत्मा आधीच उतरल्यामुळे पेत्राच्या सोबत्यांना पाणी नाकारण्याचा अधिकारच उरत नाही. हे प्रसंग ओढूनताणून एका नियमात बसवणारे भाष्यकार लूकचा युक्तिवादच गमावतात.

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती विचारविश्वाला परका नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. कर्नेल्याचा प्रसंग या भूमिकेला अंशतःच आधार देतो. कारण आत्म्याचे दान आधी लाभूनही पेत्राने त्या घराला पाण्याचा बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली.