गधैया नाण्यांचे वर्गीकरण : ‘भ्रष्टते’च्या कसोटीची परीक्षा

पश्चिम भारतातील मध्ययुगपूर्व नाण्यांच्या संग्रहांत ‘गधैया’ या नावाने ओळखली जाणारी लहान, जाड आणि सुमारे चार ग्रॅम वजनाची नाणी हटकून आढळतात. त्यांच्या एका बाजूस काही रेषा व ठिपके असतात. त्यांत मानवी मुख आहे हे सरावलेल्या दृष्टीसच उमगते. दुसऱ्या बाजूस उभ्या-आडव्या रेघांची एक रचना असते. ती मूळची अग्निवेदी होय. या नाण्यांचे कुळ सासानी सम्राट पीरोझ (४५९–४८४) याच्या रौप्य द्रम्मापर्यंत पोहोचते. हूणांशी झालेल्या युद्धांत पीरोझला जी खंडणी भरावी लागली, तिच्यामुळे त्याची नाणी पूर्वेकडे मोठ्या संख्येने गेली आणि तेथे त्यांचे अनुकरण सुरू झाले. राजस्थान, गुजरात, माळवा व कोकण या प्रदेशांत ही परंपरा इसवी सनाच्या बाराव्या शतकापर्यंत टिकून होती. गधैयाचे सासानी मूळ जेम्स प्रिन्सेप याने १८३० च्या दशकातच ओळखले होते. तेव्हा प्रश्न उगमाचा उरलेला नाही. प्रश्न आहे तो वर्गीकरणाचा.

हे वर्गीकरण दीर्घकाळ एका साध्या सूत्रावर चालत आले. मुखाकृती जितकी मूळ नमुन्याच्या जवळ, तितके नाणे जुने. ती जितकी बिघडलेली, तितके नाणे अलीकडचे. बहुतेक नाण्यांवर राजाचे नाव नाही, टांकसाळीचे नाव नाही, वर्ष नाही; अशा स्थितीत अभ्यासकास हे सूत्र आधारासारखे वाटले यात नवल नाही. परंतु या सूत्राच्या पोटात तीन गृहीते दडलेली आहेत. मुद्रा कोरणाऱ्या कारागिराचे कौशल्य उत्तरोत्तर घटत गेले, हे पहिले. मूळ आकृतीचा अर्थ त्या समाजास कळेनासा झाला होता, हे दुसरे. आणि हा बदल सर्वत्र एकाच दिशेने व सारख्याच गतीने झाला, हे तिसरे. ही तिन्ही गृहीते स्वतंत्रपणे तपासून घेतल्यावाचून त्यांवर कालक्रम उभारणे म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच आधी मानून चालणे होय.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा प्रमाद ओळखीचा आहे. ‘गौः’ या एका साधु शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अनेक अपभ्रंश होतात, असे पतंजलीने नमूद केले. पुढे ‘अपभ्रंश’ हेच एका संपूर्ण भाषावस्थेचे नाव झाले. तिला ‘बिघडलेली संस्कृत’ मानणाऱ्यांस तिचे व्याकरण कधीच दिसले नाही. नाण्याच्या नावाचीही हीच कथा आहे. ग्रीक ‘द्राख्मे’, पहलवी ‘द्रहम’, संस्कृत ‘द्रम्म’, प्राकृत ‘दम्म’ आणि मराठी ‘दाम’ अशी ही मालिका आहे. ‘दाम’ हा ‘द्राख्मे’चा बिघडलेला उच्चार आहे एवढेच सांगून बाजारात दाम मोजणाऱ्या मराठी माणसाच्या व्यवहाराचा काहीही उलगडा होत नाही. पाठचिकित्सेतही हेच तत्त्व मान्य झालेले आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी पोथ्यांची परंपरा लावली, ती अशुद्धींची संख्या मोजून नव्हे, तर कोणत्या पोथ्यांत कोणते पाठ सामाईक आहेत ते पाहून. अशुद्ध पोथी अर्वाचीनच असते असे नाही, आणि सुबक पोथी प्राचीनच असते असेही नाही.

आता ही गृहीते प्रत्यक्ष पुराव्यावर घासून पाहू. त्यासाठी मुंबईच्या उपनगरांपलीकडे जाण्याचेही कारण नाही. मुलुंड आणि घाटकोपर यांच्या दरम्यान असलेल्या भांडुप येथे एकोणिसाव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील छित्तराज याचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट मिळाला. त्यात षट्षष्टी विषयातील, म्हणजे आजच्या साष्टीतील, जमिनीचे दान नोंदलेले आहे. याच छित्तराजाचे नाव नागरी लिपीत धारण करणारी रौप्यनाणी उपलब्ध आहेत आणि त्यांची घडण गधैयाची आहे. ताम्रपटांवरून राजाचा काळ ठरतो आणि राजाच्या नावावरून नाण्याचा. म्हणून कालनिर्णयासाठी येथे आकृतीच्या बिघाडाची साक्ष काढावी लागत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या हाताने ती तथाकथित भ्रष्ट आकृती कोरली त्याच टांकसाळीने वाचता येणारी अक्षरेही कोरली. चाहमान अजयराज याची राणी सोमलदेवी हिच्या बाराव्या शतकातील नाण्यांवरही हाच प्रकार दिसतो : मुख रेषांत विरलेले, नाव मात्र नागरीत स्पष्ट. तेव्हा अकौशल्याचे गृहीत टिकत नाही. कारागीर मुख कोरू शकत नव्हता असे नव्हे. बाजार ज्या खुणेवर विश्वास ठेवीत होता ती खूण तो जशीच्या तशी पुढे चालवीत होता.

दुसऱ्या गृहीताची तपासणी बोरिवलीच्या डोंगरात होते. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी भाषेतील लेख आहेत. त्यांतील दोन १००९ सालचे आणि एक १०२१ सालचा आहे. तेथे आलेल्या पारशी यात्रिकांनी त्यांत आपली नावे व तिथी नोंदविल्या आहेत. म्हणजे ज्या दशकांत शिलाहारांच्या राज्यात गधैया घडणीचे द्रम्म चालत होते, त्याच दशकांत त्याच साष्टीत पहलवी लिहू शकणारी माणसे वावरत होती. या यात्रिकांचा टांकसाळीशी काही संबंध होता असे यावरून म्हणता येणार नाही. तसा दावा करणे हेही घाईचे होईल. परंतु नाण्यांवरील पहलवी लेखाचे ठिपके झाले त्याचे कारण ‘देशात ती लिपी कोणास ठाऊक नव्हती’ असे सरसकट सांगणे मात्र यापुढे शक्य नाही. लेख गळाला, कारण त्या नाण्याच्या व्यवहारास त्याची गरज नव्हती.

तिसऱ्या गृहीतास नाशिकजवळच्या अंजनेरीचा पुरावा बाध आणतो. कलचुरी कृष्णराज हा सहाव्या शतकातील राजा. त्याची नाणी सासानी नव्हे, तर क्षत्रपांच्या परंपरेतील आहेत. तरीही भोगशक्तीच्या कलचुरी संवत् ४६१ (इ. स. ७१०) च्या अंजनेरी ताम्रपटात ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्याचा निर्देश येतो. राजा जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला तरी त्याचे नाणे हिशेबात होते. नमुन्याचा काळ म्हणजे नाण्याच्या चलनाचा काळ नव्हे, ही गोष्ट येथे लेखी पुराव्यानेच ठरते. एका प्रदेशात नमुना गोठून राहावा आणि शेजारी तो झपाट्याने बदलावा, हे सहज संभवते.

अलीकडच्या संशोधनाने या दिशेने मोठी मजल मारली आहे. आर. एस. शर्मा यांनी १९६५ मध्ये ‘इंडियन फ्यूडॅलिझम’ या ग्रंथात नाण्यांच्या दुर्मिळतेवरून व्यापाराच्या ऱ्हासाचे अनुमान काढले. जॉन डेयल यांनी १९९० मध्ये ‘लिव्हिंग विदाउट सिल्व्हर’ मध्ये निधी, वजन व धातूचे प्रमाण यांच्या आधारे त्या अनुमानास आव्हान दिले. के. के. माहेश्वरी यांच्या २०१० च्या ‘इमिटेशन्स इन कंटिन्युइटी’ या ग्रंथाचे नावच ‘ऱ्हासा’च्या जागी ‘सातत्य’ ठेवते. तथापि परिभाषा विचारापेक्षा सावकाश बदलते. संग्रहांच्या याद्यांत ‘भ्रष्ट’, ‘अतिभ्रष्ट’ ही विशेषणे अजून वावरतात, आणि विद्यार्थी त्यांस वर्णन न समजता कालनिर्णय समजतो.

याचा अर्थ आकृतीचा अभ्यास निरर्थक आहे असा नव्हे. एकाच निधीतील नाणी असतील आणि त्यांतील काहींचे ठसे एकच असल्याचे दाखविता येत असेल, तर आकृतीतील बदलांची क्रमवारी लावणे सशास्त्र ठरते. आक्षेप आहे तो क्रमाच्या उलटापालटीस. प्रथम प्राप्तिस्थान व निधी, मग वजन, व्यास आणि धातू, मग ठशांचा परस्परसंबंध, आणि शेवटी आकृती, असा तपासणीचा क्रम असावयास हवा. प्रत्यक्षात संग्राहकाच्या हाती येणारे नाणे बहुधा सराफाच्या ढिगातून आलेले असते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने सापडलेला निधी सरकारास कळविण्याचे बंधन घातले. तरी कितीतरी निधी कळविले न जाता फुटले आणि विकले गेले. अशा नाण्याविषयी त्याच्या रूपाखेरीज काहीच उरत नाही, म्हणूनच रूपावर नको इतका भार पडतो. वर्गीकरणाचा दोष अशा रीतीने संग्रहाच्या पद्धतीतच सुरू होतो.

साम्यावरून वंश ठरविण्याचा मोह किती दूर नेतो, याचे उदाहरण ‘गधैया’ या नावातच आहे. ‘गाढव’ या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यावरून या नाण्यांचा संबंध गर्दभिल्ल राजाच्या कथेशी जोडला गेला. शिलाहारकालीन ‘गधेगाळ’ शिळा कोकणात जागोजाग असल्याने येथील वाचकास तिसरा धागा जोडण्याचाही मोह व्हावा. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, हे भाषेच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविले जाते. रूपसाम्य म्हणजे कालक्रम नव्हे, हे नाण्यांच्या विद्यार्थ्यासही तितक्याच आरंभी शिकविले पाहिजे.